फडताळांतील अर्धीं पाकिटें

दिवाळीच्या फराळाच्या खर्चाविषयीं लिहिण्याचें वचन मीं गेल्या अंकांत वाचकांस दिलें होतें. तें एक महिना पुढें ढकलतें. तोंवर दिवाळी होऊन गेलेली असेल आणि खर्चाचा खरा आंकडाहि हातीं येईल. आज मला दुसऱ्याच एका जमाखर्चाविषयीं लिहावयाचें आहे.

दसऱ्यापूर्वीं माजघरांतील फडताळ आवरण्याची आमच्या घरची जुनी चाल आहे. एके काळीं त्यांत मध, सुंठ, हिरडा, वेखंड यांच्या बरण्या असत व त्यांच्या मागें वर्षभर हरवलेली एखादी पळी सांपडे. यंदा बरण्या दोनच निघाल्या. बाकीचें फडताळ औषधांच्या पाकिटांनीं भरलें होतें. मीं तीं सारीं खालीं काढून सतरंजीवर मांडलीं आणि सासूबाई पाट घेऊन समोर बसल्या. ज्यांच्या पाठीवर तांबडी उभी रेघ छापलेली आहे अशीं अकरा पाकिटें निघालीं. त्यांतील एकहि पुरें भरलेलें नव्हतें. रिकामें तर कोणी ठेवीतच नाहीं.

सासूबाईंची स्मरणशक्ति दांडगी. “हें थोरल्याच्या घशाचं. हें तुझ्या दाढेचं. हीं दोन काशीहून आल्यावर पोटं बिघडलीं तेव्हांचीं.” आमच्या घराचा गेल्या कित्येक वर्षांचा इतिहास त्या जणूं बखर वाचावी तशा वाचीत चालल्या. मग त्यांच्या हातीं एक पाकीट आलें, ज्यांत एकच गोळी उरली होती. तें त्यांनीं उलटसुलट करून पाहिलें आणि कांहीं न बोलतां माझ्यापुढें ठेविलें.

तें मीं ओळखलें. सेफिक्सिमच्या दहा गोळ्यांचें तें पाकीट. गेल्या वर्षीं माझ्या स्वतःच्या दुखण्यासाठीं डॉक्टरांनीं तें लिहून दिलें होतें. चार गोळ्यांत मला बरें वाटलें म्हणून बाकीच्या सहा मीं जपून ठेविल्या. मध्यमवर्गीय घरांत वाढलेल्या बाईला पैसे देऊन आणलेली वस्तु टाकवत नाहीं. त्यांतून ती औषधाची असली तर मुळींच नाहीं. यंदाच्या ज्येष्ठांत मामंजींना थंडी वाजून ताप भरला व लघवीला जळजळ होऊं लागली. त्यांचें वय अठ्याहत्तर आणि मधुमेह जुना. दिवस रविवारचा, आमचे नेहमीचे डॉक्टर परगांवीं गेलेले. लक्षणें माझ्या गेल्या वर्षींच्या दुखण्यासारखींच दिसत होतीं. मीं फडताळ उघडलें आणि सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी सुरू केली. जोडीला तापाची पॅरासिटामोल होतीच.

दुसऱ्या दिवशीं ताप उतरला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं मीं गोळी दिली नाहीं. उरलेल्या दोन पुढें कोणाला तरी उपयोगी पडतील, असा माझा हिशेब. त्याच संध्याकाळीं पुन्हां हुडहुडी भरली, तेव्हां घाईनें पांचवी गोळी दिली. चौथ्या दिवशीं डॉक्टर आले. त्यांनीं लघवी तपासणीस पाठविली आणि अहवाल येईपर्यंत अंदाजानें एक औषध सुरू केलें. दोन दिवसांनीं अहवाल आला, त्यांत जंतूंची वाढ आढळली नाहीं असें लिहिलेलें. ताप मात्र हटेना. डॉक्टरांनीं चष्मा काढून पुसला व विचारलें, “वहिनी, मी येण्याआधीं कांहीं दिलं होतं का?”

मीं सांगितलें. ते रागावले नाहींत. रागावते तर बरें झालें असतें. ते इतकेंच म्हणाले, “मग हा अहवाल आपल्या कामाचा नाहीं.” औषधाचा अंश मूत्रांत उतरलेला असला कीं प्रयोगशाळेच्या थाळींत जंतु वाढत नाहींत. शरीरांत मात्र ते जिवंत असूं शकतात. म्हणजे चोर घरांत आणि पंचनाम्यांत घर स्वच्छ! दुसऱ्या दिवशीं मामंजी भलतेंच बोलूं लागले, रक्तदाब उतरला आणि त्यांना रुग्णालयांत हलवावें लागलें. तेथें पुन्हां तपासणी झाली. या वेळीं जंतु वाढले. मनुष्याच्या आंतड्यांत नेहमींच वास करणारा ई. कोलाय नांवाचा तो जंतु. अहवालावर औषधांच्या नांवांची लांबलचक यादी होती आणि प्रत्येकापुढें इंग्रजी एक अक्षर. ‘एस’ म्हणजे जंतु त्या औषधाला बळी पडतो, ‘आर’ म्हणजे दाद देत नाहीं. मीं वरून खालीं बोट फिरवीत गेलें. आर, आर, आर. माझ्या सेफिक्सिमपुढेंहि आर. अगदीं तळाशीं तीन-चार एस होते, आणि तीं सर्व शिरेंतून देण्याचीं औषधें. दहा दिवस तीं दिलीं. औषधांचें बिल रोज येई. यजमान तें पाहत, घडी घालून खिशांत ठेवीत आणि मला दाखवीत नसत. मामंजी परत आले, परंतु पूर्वींसारखे जिने चढणें आतां त्यांना होत नाहीं.

माझ्या धाकट्या वन्सं महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवितात. त्या भेटावयास आल्या तेव्हां मीं त्यांना स्वयंपाकघरांत गांठून एकच प्रश्न केला: माझ्या पांच गोळ्यांनीं तो जंतु असा निगरगट्ट झाला काय? त्या म्हणाल्या, “नाहीं वहिनी. पांच गोळ्यांनीं एवढं होत नाहीं. तो बहुधा आधींपासूनच दादांच्या आंतड्यांत असा होता. तुमच्या गोळ्यांनीं निदान लांबवलं, तो दोष तुमचा. पण त्याला असा तयार करण्यांत ह्या फडताळांतल्या सगळ्या पाकिटांचा वांटा आहे, आणि शेजारच्या फडताळांचाहि.”

वन्संनीं समजाविलें तें मला जेवढें कळलें तेवढें येथें देतें. जंतु बुद्धि चालवून कांहीं शिकत नाहीं. कोट्यवधि जंतूंत एखाददुसरा जन्मतःच असा निघतो कीं त्याच्यावर अमुक औषध चालत नाहीं. औषध दिलें म्हणजे सुपांत धान्य पाखडल्यासारखें होतें. हलकें तेवढें उडून जातें, खडे मागें राहतात. आणि हे खडे वाढणारे आहेत. अनुकूल स्थितींत ई. कोलाय वीस-वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. आपण घशासाठीं घेतलेली गोळी केवळ घशांत जात नाहीं. ती आंतड्यांतून फिरते, रक्तांतून फिरते, आणि ज्या बिचाऱ्या जंतूंनीं आपलें कांहीं वांकडें केलेलें नाहीं त्यांच्यावरहि तिचें पाखडणें चालतें. जी गोळी सर्दीपडशासाठीं घेतली, जिचा सर्दीच्या विषाणूंवर कांडीइतकाहि परिणाम होत नाहीं, ती देखील हें एवढें काम मात्र चोख बजावते.

याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. जंतु आपली ही विद्या स्वतःच्या संततीलाच देतो असें नाहीं, शेजाऱ्यालाहि देतो. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलें कीं आपलें दूध लागतें आणि तिचें दहीं कांहीं कमी होत नाहीं, तसा हा प्रकार. एका जातीचा जंतु आपल्या गुणसूत्राबाहेरील एक छोटेसें वर्तुळाकार सूत्र दुसऱ्या जातीच्या जंतूला देतो, आणि एका रात्रींत त्याला चार-पांच औषधांविरुद्धची तयार विद्या मिळते. २००८ सालीं स्वीडनमध्यें एका रुग्णाच्या मूत्रांत असा एक जंतु आढळला. तो रुग्ण दिल्लीस उपचार घेऊन परतला होता. शेवटचीं म्हणून राखून ठेविलेलीं, कार्बापेनेम वर्गांतील औषधेंहि फोडून टाकणारें एक द्रव्य तो जंतु तयार करीत असे, आणि शास्त्रज्ञांनीं त्या द्रव्याला नवी दिल्लीचें नांव दिलें. २०१० सालीं तें भारत, पाकिस्तान व ब्रिटन येथें पसरल्याचें प्रसिद्ध झालें, तेव्हां आपल्याकडे त्या नांवावरून मोठा गदारोळ उठला. राजधानीचें नांव असें जगभर व्हावें हें कोणाला आवडेल? तथापि नांवावर जितका संताप खर्च झाला त्याच्या चौथाईनें तरी तो औषधांच्या बेबंद विक्रीवर व्हावयास हवा होता, असें मला वाटतें.

हें सर्व अकस्मात् झालेलें नाहीं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ सालीं लंडनच्या सेंट मेरीज् रुग्णालयांत पेनिसिलिनचा शोध लागला, हें आपल्या शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. १९४० सालींच, म्हणजे तें औषध सर्रास वापरांत येण्याच्या आधींच, एब्रॅहम व चेन या ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं पेनिसिलिनचा नाश करणारें द्रव्य जंतूंत असल्याचें दाखवून दिलें होतें, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. १९४५ सालीं फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्या प्रसंगींच्या व्याख्यानांत फ्लेमिंग यांनीं एका कल्पित गृहस्थाची हकीकत सांगितली. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणून थोडेसें घेतो. जंतु मरत नाहींत, पण औषधाला सरावतात. मग त्याच्या बायकोला त्याच जंतूंपासून न्यूमोनिया होतो, तिला पेनिसिलिन देतात, तें लागू पडत नाहीं आणि ती मरते. तिच्या मृत्यूला कारण कोण, असा प्रश्न करून फ्लेमिंग यांनीं त्या नवऱ्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविलें. वन्संचा येथें एक आक्षेप आहे. फ्लेमिंगनीं ज्या जंतूचें नांव घेतलें तो घशाचा स्ट्रेप्टोकॉकस आजहि पेनिसिलिनला बळी पडतो; दाखला चुकला. इतर जंतूंनीं तो खरा करून दाखविला.

माझ्या मनाला त्या हकीकतींतील घर लागलें. औषध आणणारा नवरा, मरणारी बायको. दुष्ट कोणीच नाहीं, आणि रोग्याजवळ प्रेमानें बसणारें माणूसच गोळी देणारें.

याची दुसरी बाजू आमच्याच घरांत आहे, ती सांगितल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. आमच्या आजेसासूबाईंची सख्खी बहीण पहिल्या बाळंतपणांत दहाव्या दिवशीं सूतिकाज्वरानें गेली. तिचा फोटो नाहीं. एक चांदीचें फुलपात्र आहे. तेव्हां हीं औषधें असतीं तर ती पणजी झाली असती. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन आपल्या देशांत तयार होऊं लागलें, तेव्हां आजेसासूबाई तो कारखाना नुसता बाहेरून पाहून आल्या होत्या, असें सासूबाई सांगतात. एखाद्या देवस्थानाला जावें तशा. आम्हांला तें औषध ताकासारखें सहज झालें, म्हणून त्याची किंमत वाटेनाशी झाली.

कायदा नाहीं असें नव्हे. औषधांविषयींचा आपला कायदा १९४० सालचा आणि त्याखालील नियम १९४५ चे. त्यांतील ‘एच’ अनुसूचींतील औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नये, असें स्पष्ट बंधन आहे. तें पाळलें जात नाहीं असें दिसल्यावर १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ ही आणखी कडक अनुसूची अंमलांत आली. तींत त्या वेळीं ४६ औषधें घातलीं: वरच्या पायरीचीं जंतुनाशकें, क्षयाचीं औषधें आणि झोपेच्या कांहीं गोळ्या. यांपैकीं कांहीं विकलें तर दुकानदारानें स्वतंत्र वहींत चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचें नांव व पत्ता, रोग्याचें नांव, औषध व त्याचें परिमाण लिहावें आणि ती वही तीन वर्षें तपासणीसाठीं जपून ठेवावी. २०१६ सालीं सरकारनें त्या तांबड्या रेघेचा मोठा प्रचार केला; रेघ दिसली तर चिठ्ठीवांचून गोळी घेऊं नका, एवढा सोपा संदेश. माझें सेफिक्सिम त्या ४६ मध्यें आहे. ॲझिथ्रोमायसिन, ज्याच्या तीन-तीन गोळ्यांचीं पाकिटें घरोघर सांपडतात, तें त्या यादींत घातलेलें नव्हतें. त्याला साध्या ‘एच’चेंच बंधन.

कायद्याची परीक्षा पाहावी म्हणून मीं धाकट्या पुतण्याला सेफिक्सिमचें नांव एका कागदावर लिहून बाजारांत पाठविलें. तो पांच मिनिटांत पाकीट घेऊन परत आला. सोबत बिल होतें आणि त्यावर डॉक्टर म्हणून एक नांव छापलेलें होतें. त्या नांवाच्या डॉक्टरांना आमच्या सात पिढ्यांत कोणीं पाहिलेलें नाहीं. मग मीं स्वतः आमच्या नेहमींच्या औषधविक्रेत्यांकडे गेलें. ते सज्जन आहेत. आडवेळीं दुकान उघडून त्यांनीं आम्हांला इंजेक्शनें दिलेलीं आहेत. ते म्हणाले, “वहिनी, झोपेची गोळी मागितली तर मी चिठ्ठीशिवाय देत नाहीं, कारण तिथं पोलिसांची भीति असते. हिची भीति कोणाला? मी नाहीं म्हटलं तर गिऱ्हाईक समोर जातं. आणि रोजंदारीवाल्या माणसाला मी डॉक्टरकडे जा म्हणून कसं सांगूं? डॉक्टरची फी औषधाच्या तिप्पट.” या शेवटच्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. ज्या खेड्यांत डॉक्टर नाहीं तेथें चिठ्ठीचा हट्ट धरला तर न्यूमोनियाचें मूल चिठ्ठीची वाट पाहतच दगावेल, हेंहि खरें आहे. परंतु माझा पुतण्या खेड्यांत राहत नाहीं, आणि आमच्या गल्लींत तीन डॉक्टर आहेत. केरळांत जानेवारी २०२४ पासून औषध नियंत्रण विभागानें चिठ्ठीवांचून अशीं औषधें विकणाऱ्या दुकानांवर अचानक छापे घालण्याची मोहीम उघडली. तेथें जें जमतें तें आमच्या शहरांत जमूं नये असें कांहीं शास्त्रांत लिहिलेलें नाहीं.

दोष केवळ दुकानदाराच्या माथीं मारून चालणार नाहीं. मुंबईच्या धारावींत खासगी डॉक्टरांना क्षयरोगावर काय औषधयोजना कराल असें विचारण्याचे अभ्यास झालेले आहेत. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत १०६ डॉक्टरांनीं ६३ निरनिराळ्या योजना लिहून दिल्या आणि त्यांपैकीं बरोबर होती ती फक्त सहा जणांची. पुढें त्याच डॉक्टरांनीं मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील असे चार रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत मांडले, कीं ज्यांच्या क्षयजंतूंवर तपासलेलें एकहि औषध चालत नव्हतें. २०१२ च्या आरंभीं ती बातमी फुटली तेव्हां सरकारी बाजूनें त्या रोगाला दिलेल्या नांवाबद्दल वाद घातला. पुन्हां नांवाचाच वाद! २०१९ या एका वर्षांत जगभर सुमारें १२ लाख ७० हजार माणसें औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळें प्रत्यक्ष मृत्यु पावलीं, असा अंदाज २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. कोंबड्यांच्या वाढीसाठीं खाद्यांतून कॉलिस्टिन देण्याचीहि चाल होती. कॉलिस्टिन म्हणजे माणसाला सर्व उपाय थकल्यावर द्यावयाचें औषध. त्या वापरावर आपल्याकडे जुलै २०१९ मध्यें बंदी आली. आम्ही कोंबडी खात नाहीं म्हणून त्यांतून सुटलों असें कोणीं समजूं नये. नदीनाले सर्वांचेच आहेत.

एका गोष्टीबद्दल वाचकांचीं पत्रें येतील हें मला ठाऊक आहे, म्हणून आधींच लिहितें. “औषधाचा क्रम पुरा करावा” हें वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलों. वन्सं सांगतात कीं, अलीकडील संशोधनानें तें थोडें बदललें आहे. क्षयासारख्या रोगांत महिनोन्महिने घ्यावयाचा क्रम पुरा केलाच पाहिजे, तेथें सूट नाहीं. पण पुष्कळ साध्या संसर्गांत पूर्वीं दहा दिवस देत तें औषध आतां पांच दिवसांतच पुरतें, आणि विनाकारण लांबविलें तर पाखडणें तेवढें वाढतें. मात्र किती दिवस हें ठरविण्याचा अधिकार बरें वाटूं लागलेल्या रोग्याचा नव्हे, फडताळाच्या किल्ल्या बाळगणाऱ्या सुनेचाहि नव्हे. मीं डॉक्टरांना स्पष्टच विचारलें कीं, चार गोळ्यांनंतर मला बरें वाटलें तेव्हां मीं काय करावयास हवें होतें? ते म्हणाले, “मला फोन.”

तीं अकरा पाकिटें परत घेण्यास दुकानदार तयार नव्हते, आणि त्यांचा नाइलाज मला समजतो. मोरींत ओतावीं तर तें पाणी शेवटीं जंतूंनाच जाऊन मिळणार. वन्संनीं तीं आपल्या महाविद्यालयाच्या जैविक कचऱ्याबरोबर जाळण्यास पाठवितें म्हणून पिशवींत भरून नेलीं. सासूबाईंनीं मामंजींच्या त्या अहवालाची एक नक्कल फडताळाच्या दाराला आंतल्या बाजूनें डकविली आहे. त्यांना इंग्रजी येत नाहीं; पण आर कोठें आणि एस कोठें, हें त्या नातवंडांना बोट लावून दाखवितात.

कोजागरीनंतर धाकट्या जावेच्या मुलाला ताप आला. जाऊ सवयीनें फडताळाशीं गेली आणि दार उघडून तशीच उभी राहिली. आंत थर्मामीटर, ओवा, सुंठ आणि पॅरासिटामोल. डॉक्टरांनीं घसा पाहिला, छाती पाहिली, विषाणूचा ताप आहे म्हणाले, भरपूर पाणी द्या, तीन दिवसांत उतरला नाहीं तर या, आणि चिठ्ठीवर कांहींहि लिहिलें नाहीं. फी मात्र घेतली. मामंजी ओटीवर बसून हें ऐकत होते. “औषध दिलं नाहीं आणि पैसे कसले घेतले?” असें ते दोन दिवस प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारीत होते. तिसऱ्या दिवशीं दुपारीं ताप उतरला, तेव्हां मुलानें आधीं लाडू मागितला.